नळदुर्गचे पाहुणे

दुपारी जेवणं झाली की मी मुरुमच्या ह्या भाड्याच्या दोन खोल्यांत चटईवर आडवी होते, आणि डोळा लागतो न लागतो तोच माझा हात भिंतीवर जाऊन बटण शोधायला लागतो. बटण इथं नाहीच. ते धाराशिवला, आमच्या घरात, पलंगाच्या उशाशी होतं. जमिनीपासून हातभर उंच, माझ्या हाताच्या मापानं बसवून घेतलेलं. वायरमन म्हणाला होता, "काकू, इतक्या खाली कोण बटण घेतंय?" मी म्हटलं, "मी घेतेय. तुला काय करायचंय?" आता घर गेलं, बटण गेलं, हात मात्र रोज दुपारी तिकडं जाऊन येतो.

मग मी अर्धवट झोपेत त्या घरातून हिंडते. अनवाणी. डोळे मिटलेले असले तरी कुठल्या खोलीत आहे ते तळपायाला कळतं, कारण आमच्या घरातल्या कुठल्याच दोन खोल्यांची फरशी सारखी नव्हती. आमच्या ह्यांचं फरशीचं दुकान होतं. हे म्हणजे माझे यजमान. इतक्या वर्षांत त्यांचं नाव घ्यायची सवय लागली नाही, आता कागदावर कशाला घेऊ? दुकानात एखाद्या रंगाच्या थोड्या फरश्या उरल्या की गिऱ्हाईक त्या घेत नाही, मग त्या घरी यायच्या. दिवाणखान्यात मोतिया, मधल्या खोलीत शेवाळी, स्वयंपाकघरात विटकरी. शेवाळी सगळ्यात थंड. उन्हाळ्यात माझी लेक शाळेतून आली की दप्तर फेकून तिथंच पालथी पडायची, गाल फरशीला लावून. गल्लीतल्या बायका हसायच्या, "फरशीवाल्याचं घर म्हणजे नमुन्यांची वही!" मला तेव्हा लई राग यायचा. आता वाटतं बरंच झालं, सगळीकडं एकच फरशी असती तर झोपेत मी वाट चुकले असते.

विटकरी फरश्या चार कमी पडल्या, म्हणून मोरीकडच्या कोपऱ्यात चार निळ्या बसवल्या. पण "कमी पडल्या" असं मी तेव्हा तोंडातून काढलं नसतं. त्या घरात काही कमी पडायचं नाही, काही संपायचं नाही. साखरेचा डबा रिकामा झाला तर "साखर वाढली" म्हणायचं. बांगडी फुटली तर "वाढवली". बाहेर निघताना "जाते" नाही, "येते". हे सगळं आईकडून आलेलं होतंच, पण त्याला खरा जोर चढला तो वास्तुशांतीच्या दिवशी.

गुरुजींनी आग्नेयेच्या कोपऱ्यात, ओट्याच्या खाली, वास्तुपुरुषाची बोटभर प्रतिमा पुरली. वर फरशी बसवून घेतली, हळदकुंकू वाहायला लावलं, आणि उपरणं झटकत म्हणाले, "आता वास्तू जागी झाली बरं का. घरात जे बोलाल त्याला ती तथास्तु म्हणणार. तिला बरं-वाईट कळत नाही, ती फक्त ऐकते. जपून बोला." जेवायला बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जिलबी वाढायला सुरुवात झाली. सगळे विसरले. मी नाही विसरले.

तेव्हापासून मी घरात पहारेकरीण झाले. लेक "भुकेनं मेले" म्हणाली की पाठीत धपाटा. परीक्षेला जाताना "नापास झाले तर" असं म्हणायची सोय नाही. बातम्यांत कुठं अपघात दाखवायला लागले की मी आवाज बंद करायची. लेक म्हणायची, "आई, वास्तूला टीव्हीचं पण ऐकू येतं का गं?" मी म्हणायची, "येतं. तुझ्यासारखी बहिरी न्हाय ती."

एकदा हे दुकानातून आले, चपला काढल्या आणि जेवायला बसता बसता म्हणाले, "धंद्यात काही राम राहिला न्हाय." माझ्या हातात वरणाचा चमचा होता. तो तसाच धरून मी ओरडले, "असलं बोलायचं असंल तर बाहेर जाऊन बोला! घरात न्हाय!" हे उठले. खरंच उठले. शेजारी एक मोकळा प्लॉट होता, त्यात एक लिंबाचं झाड होतं, कडुलिंबाचं. फाटक उघडून हे त्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. थोडा वेळ उभे राहिले, परत आले, हात धुतले आणि जेवले. मी आणि लेक हसून हसून लोळलो. आमच्या ह्यांचा स्वभावच तसा, सांगितलेलं ऐकणारा. त्यांनी ते जन्माचं मनावर घेतलं असंल हे मला कुठं ठाऊक?

आमची कॉलनी तुळजापूर रस्त्याला, गावाच्या टोकाला. धाराशिवात आता काहीतरी मोठं येणार, शहर इकडंच वाढणार, असं जो तो म्हणायचा. मास्तर, तलाठी, एसटीतले कंडक्टर, सगळ्यांनी कर्ज काढून घरं घेतली. एका ओळीत एकाला एक चिकटून, पुढं दोन पावलांचं अंगण, प्रत्येक अंगणात एक पेरू. भाव वर वर चालले होते. चहाच्या टपरीवरही माणसं चौरस फुटाशिवाय दुसरं बोलत नव्हती. आमच्या दुकानात तर दिवाळीच. कॉलनीच्या मागं आणखी दोन ओळी उठायला लागल्या, त्यांची फरशी आमच्याकडूनच गेली, उधारीवर. त्या उधारीच्या भरवशावर ह्यांनी घर गहाण टाकून दुकानासाठी बँकेचं कर्ज उचललं. मी पण सही केली. "कशाची?" म्हणून विचारलं होतं, हे म्हणाले "मालासाठी", आणि मी झोकात सही ठोकली.

मग काय झालं ते कुणाला नीट सांगता येत नाही. जे येणार होतं ते आलं नाही, किंवा आलं ते आमच्या टोकाला आलं नाही. मागच्या दोन ओळींचे नुसते खांब उभे राहिले, त्यांच्या वरच्या सळया गंजून लाल झाल्या. बिल्डरचा फोन लागेना. घरांचे भाव उतरायला लागले. इतके उतरले की घर विकलं तरी घराचं कर्ज फिटायचं नाही. आणि विकणार कुणाला? घ्यायलाच कोणी येईना.

आमच्या समोरचं घर पहिलं गेलं. एका सकाळी दारावर पांढरा कागद चिकटलेला दिसला, खाली बँकेचा शिक्का. ती माणसं दोन दिवस आधीच सामान टेम्पोत भरून गेली होती, आणि जाताना दिवाणखान्यातला पंखा बंद करायचा विसरली होती. पडदे काढून नेलेले, त्यामुळं आमच्या दारातून तो पंखा दिसायचा. रिकाम्या खोलीत फिरतोय, खाली कुणी नाही. मी तुळशीला पाणी घालताना बघायची, भांडी घासताना बघायची. दुपारी सगळी गल्ली झोपलेली असायची, कुठं पान हलत नसायचं, आणि समोर तेवढा पंखा गरगर. बघता बघता मलाच झोप आल्यासारखं व्हायचं. किती आठवडे फिरला कोण जाणे. मग वीज तोडायला माणूस आला, आणि एका दुपारी मी बघते तर पंखा थांबलेला. मला उगाच रडू आलं.

त्यानंतर आणखी कागद लागले. ज्या घराला कागद लागायचा त्याच्या पुढून बायका जायच्या बंद व्हायच्या, वळसा घालून जायच्या. त्या अंगणांतले पेरू पिकून खाली पडायचे, दुपारभर त्यांचा गोड वास गल्लीत भरून राहायचा. आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नव्हतो. मी तर नाहीच. मला दिसत होतं, दुकान लवकर बंद होतंय, हे पोळी चिवडतायत. कळत होतं हो. पण बोलले असते तर वास्तूनं ऐकलं असतं.

ह्याच दिवसांत ह्यांना एक नवाच नाद लागला. संध्याकाळी आले की म्हणायचे, "काय करायलीस? चल की जरा बाहेर. चक्कर मारून येऊ." लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी तुळजापूरच्या जत्रेत सुद्धा माझ्याबरोबर धड चालले नव्हते, चार पावलं पुढं असायचे. पहिल्यांदा मी म्हटलं, "कणीक भिजवायचीय." दुसऱ्यांदा म्हटलं, "पाय दुखायलेत." तिसऱ्यांदा तर मी फणकारलेच, "ह्या वयात काय हातात हात घालून हिंडायचंय? लोक हसतील!" हे एकटेच गेले आणि लिंबाखाली उभे राहिले. मी खिडकीतून बघितलं. पाठमोरे होते, हात मागं बांधलेले.

त्यांना काय बोलायचं होतं ते मला नंतर कळलं. पण इथं आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा मूर्खपणा कसा नीट दिसंल. बँकेच्या साहेबांनी ह्यांना एक वाट दाखवली होती. घर तुम्ही स्वतःच विका, येईल ती किंमत आमच्याकडं भरा. कर्जापेक्षा कमी आली तरी राहिलेलं आम्ही सोडून देऊ, तुम्ही मोकळे. दारावर कागद नाही, लिलाव नाही. फक्त ठरलेल्या मुदतीच्या आत झालं पाहिजे. आणि ह्या पडत्या बाजारात ह्यांनी कुठून कुठून शोधून एक गिऱ्हाईक मिळवलं होतं. नळदुर्गचे, नवराबायको दोघं शिक्षक, रिटायर होऊन जिल्ह्याच्या गावी राहायला यायचं म्हणणारे. आमचं घर वाचणार नव्हतंच. पण अब्रूनं, देणं फेडून बाहेर पडायचं की नाही, एवढं त्या दोघांवर होतं.

हे मला एवढंच म्हणाले, "उद्या नळदुर्गचे पाहुणे येणारेत. चहापाणी कर."

"कोण पाहुणे?"

"येऊ देत, मग सांगतो. जरा बाहेर येतीस का?"

"आता? दूध उतू जाईल!"

दूध उतू गेलं नाही. पण माझ्या डोक्यात उजेड पडला. लेक सव्वीस वर्षांची झाली होती, तिथंच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची, आणि तिचा बायोडाटा आम्ही चार ठिकाणी दिलेला होता. पाहुणे येणार, नळदुर्गचे, आणि हे अवघडून बोलतायत. दुसरं काय असणार? आमच्याकडं दाखवण्याचा कार्यक्रम कधी कुणी तोंडानं सांगत नाही. पाहुणे येणारेत म्हटलं की घरच्या बाईनं समजून पोहे भिजवायचे. मी पोहे भिजवले.

लेक म्हणाली, "आई, मी न्हाय साडी नेसणार." मी म्हटलं, "नेस. तुझ्या बापानं एवढं शोधून आणलंय." नेसली बिचारी. अबोली रंगाची.

ते आले तेव्हा दुपार उतरत होती. त्या दुपारचं ऊन मला अजून दिसतं. दिवाणखान्यातल्या मोतिया फरशीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडलेल्या, आणि त्या सावल्यांवरून तीन माणसं हलके हलके चालतायत. नवरा, बायको आणि त्यांचा मोठा मुलगा. मुलगा दिसायला चांगला होता. पण माझ्या पोरीकडं बघेचना. पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि हा भिंतीवर बोटानं टकटक करतोय. मग मोरीत गेला आणि नळ सोडून बघून आला. मी मनात म्हटलं, लाजरा असंल.

बाई मात्र मोकळी होती. मी तिला सगळं घर दाखवलं. पाहुणीला घर दाखवायचं नाही तर काय? तिनं कपाटं उघडून बघितली. "पाणी किती दिवसाआड येतंय हो?" विचारलं. पश्चिमेचं ऊन आत येतं का, गच्चीवर वाळवणाला जागा किती, सगळं विचारलं. स्वयंपाकघरात येऊन आग्नेयेच्या कोपऱ्याकडं बघून हात जोडले, तेव्हा मला ती फार आवडली. आणि पुढच्याच घटकेला ओट्यावर हात ठेवून म्हणाली, "ओटा लईच खाली घेतलाय हो. कंबर मोडती की."

माझा ओटा! काळ्या कडप्प्याचा, माझ्या उंचीच्या मापानं घातलेला. गवंड्याशी भांडून घातलेला. मी ठेंगणी, जगाच्या ओट्यांवर जन्मभर टाचा उंच करून पोळ्या लाटल्या, म्हणून माझा असा करून घेतला होता. मी हसून म्हटलं, "सवय होते." पण आत ठिणगी पडलीच. जी बाई पहिल्या भेटीत माझ्या ओट्याला नावं ठेवते ती माझ्या लेकीला सुखानं नांदवणार व्हय?

जाताना तिनं माझा नंबर घेतला आणि स्वतःचा दिला. हे त्या गृहस्थांबरोबर फाटकाबाहेर, पार लिंबापर्यंत गेले, तिथं दोघं बराच वेळ बोलत उभे राहिले. आत तर हवापाण्याशिवाय दोघांनी एक शब्द काढला नव्हता. ह्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे, घरात व्यवहाराचं काही बोलू नका, मंडळींना चालत नाही.

लेकीनं साडी सोडता सोडता म्हटलं, "आई, त्या पोरानं मला नावसुद्धा विचारलं न्हाय. नळाला किती जोर आहे तेवढं विचारलं." मी म्हटलं, "काळजी करू नको. मी बघते."

दुसऱ्या दिवशी हे दुकानात गेल्यावर मी त्या बाईंना फोन लावला. बायकांचं बायकांत मिटवलेलं बरं, पुरुष माणूस भिडेपोटी हो म्हणून बसतो. म्हटलं, "ताई, राग मानू नका. आमच्याकडून नकार समजा. तुम्ही दुसरीकडं बघा."

त्या म्हणाल्या, "तुमचीच इच्छा नसंल तर राहू द्या. कुणाचं मन दुखवून आपल्याला काही करायचं न्हाय." किती चांगलं बोलली बाई! क्षणभर मला वाटलं, उगाच घाई केली.

संध्याकाळी हे आले. चपला न काढताच दारात उभे राहिले. "तू नळदुर्गला फोन केला होतास?"

"केला."

"नकार दिलास?"

"दिला. मला न्हाय पटलं."

"विचार करून दिलास ना?"

"चांगला रात्रभर विचार करून दिलाय."

हे स्वयंपाकघरात आले. ओट्यावर तळहात ठेवून तसेच उभे राहिले, बाई जिथं उभी होती तिथंच. मग म्हणाले, "बरं. तुझी इच्छा न्हाय तर न्हाय." त्या दिवशी दोन भाकरी जेवले, आणि त्यानंतर मला एकदाही बाहेर चल म्हणाले नाहीत. मी मनात म्हटलं, बघा, एक नाद सुटला.

मुदत निघून गेली. मला तिचा पत्ताच नव्हता. सणवार झाले, आग्नेयेच्या कोपऱ्यात मी नैवेद्य दाखवत राहिले. आणि एका सकाळी सडा टाकायला दार उघडलं तर कागद आमच्या दारावर. रात्रीच्या दवानं ओला, कडेनं अजून खळ गळतेय. माझ्या हातातली बादली तशीच राहिली.

मग मी आपण होऊन म्हटलं, "चला बाहेर."

लिंबाखाली वाळक्या पानांचा सडा पडला होता. हे खालमानेनं बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. उधारी, बँक, साहेबांनी दाखवलेली वाट, मुदत. मग नळदुर्गचे. "त्यांना घर पसंत होतं," हे म्हणाले. "पण तू नकार दिलास. तेव्हा मला कळलं, तुला सगळं ठाऊक आहे. मी सांगायच्या आधीच तू ओळखलंस, आणि ठरवलंस की आपल्या हातानं घर विकायचं न्हाय. मग म्हटलं, घर तिचं. तिनं घातलंय. तिच्या शब्दाबाहेर आपण जायचं न्हाय. जे होईल ते होईल."

मी काय सांगणार होते? की मी पोहे भिजवले होते? की ओट्याला नाव ठेवलं म्हणून सोयरीक मोडली होती? माणूस माझ्याकडं इतक्या मानानं बघत होता. पुढं कितीतरी दिवस ते नातेवाइकांना फोनवर सांगत होते, लिंबाखाली उभं राहूनच, "हिनं शेवटपर्यंत घर सोडलं न्हाय. लई खमकी." मी आतून ऐकायची आणि जीव थोडा थोडा व्हायचा. मी ती खमकी बाई नव्हतेच. मी नुसती एक चिडकी ठेंगणी बाई होते. पण सांगायचं धाडस होईना, आणि घरात तर असलं बोलायचं नसतंच, असं मीच मला समजवायची.

ताब्याच्या दिवशी बँकेची चार माणसं आली. चांगली होती बिचारी, फाटकाबाहेर थांबली, म्हणाली, "काकू, होऊ द्या सावकाश." सामान टेम्पोत गेलं होतं. मी शेवटचा दहीभात कालवला आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात ठेवला. रिकामं घर मोठं दिसत होतं, बोललेलं घुमत होतं. चार रंगांच्या फरश्यांवर ऊन पडलं होतं आणि वाटत होतं, आपण हे झोपेत बघतोय, आत्ता हात भिंतीवर जाईल आणि बटण सापडेल.

हे आत आले. म्हणाले, "पंखे बघितलेस का बंद केलेले?"

"केलेत," मी म्हटलं. आणि मग मला राहवलं नाही. कोपऱ्यात बसल्या बसल्याच मी म्हटलं, "अहो, मला काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं ते आपल्या लेकीला बघायला आलेत."

ह्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बाई ओट्याला नावं ठेवत होती. म्हटलं, असली सासू नको."

हे हसायला लागले. हळू हळू, मग जोरात. रिकाम्या घरात ते हसणं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन परत यायला लागलं. बाहेरची माणसं डोकावून बघायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तरी हे थांबेनात, आणि मला कळेना की त्यातलं हसणं कुठवर आहे आणि पुढं काय सुरू झालंय. मी उठून त्यांचा हात धरला. मग ते शांत झाले, नाक पुसलं आणि म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर..."

आणि तिथंच थांबले. आढ्याकडं बघितलं, कोपऱ्याकडं बघितलं, आणि ओठ मिटून घेतले. घरात होतो ना आम्ही अजून.

पुढं लिलाव झाला. पहिल्या वेळी कुणी आलं नाही, दुसऱ्या वेळी घर गेलं, नळदुर्गवाल्यांनी दिली असती त्याहून पुष्कळ कमी किमतीला. राहिलेलं देणं आमच्या मागून मुरुमला आलं. इथं माझ्या माहेरची माणसं आहेत, त्यांच्या आधारानं आलो. हे एका दुकानात कामाला जातात, दुसऱ्याच्या फरश्या गिऱ्हाइकाला दाखवतात. लेकीनं पुण्यात नोकरी धरली आणि आपल्या आपण लग्न जमवलं. पोहे करावे लागले नाहीत. ती म्हणते, "आई, तू माझं न ठरलेलं लग्न मोडलंस आणि ठरलेलं घर मोडलंस." बोलते ते खोटं नाही.

ह्या खोल्यांतला ओटा उंच आहे. मी पाट घेऊन त्यावर उभी राहून पोळ्या लाटते. संध्याकाळी हे येतात, हातपाय धुतात, गप्प बसतात. ते अर्धं राहिलेलं वाक्य मला माहीत आहे, पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय. शिव्या दिल्या तरी चालतील. म्हणून आता मीच रोज म्हणते, "काय करायलाव? चला की, जरा बाहेर चक्कर मारू. काही बोलायचं असंल तर बोला."

काल हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बस की गं. बाहेर कशाला? इथंच बोलू. हे कुठं आपलं घर आहे?"